अर्धी राहिलेली हर्रासी

मित्रांनो, मी एक जुना चंद्रपोशाख आहे. पण चंद्र सोडा, मी पिंपळगाव राजा या आमच्या गावाची शीवसुद्धा कधी ओलांडलेली नाही. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली, त्याच आठवड्यात शालिग्राम शिंप्याने मांजरपाटाच्या दोन थरांत कापूस भरून मला शिवले. डोक्याला रॉकेलचा डबा कापून बसवला. त्याचा वास अजून गेलेला नाही.

मला शिवून घेतले ते इंद्रभान गुरुजींनी. पोरांना गणिताचा कंटाळा, पण देवळात देवीच्या साडीची हर्रासी, म्हणजे लिलाव, म्हटली की सगळे पुढे. म्हणून दर शनिवारी गुरुजी वर्गात माझी हर्रासी मांडत. बोली पैशांची नाही, उत्तराची! 'पोशाखाची बोली पन्नासला सुटली, दर हाकेला सात रुपयांनी चढली, तर सहा हाका झाल्यावर किती?' तुम्हीही करून पाहा. उत्तर बरोबर आले की गुरुजी 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणून डस्टर आपटत आणि जिंकणारा घंटा होईपर्यंत मला घालून मिरवी. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

भाजीवाल्या तानुबाईची सोजरा चौथीत होती. मागच्या बसकरपट्टीवरून ती माझ्याकडे टक लावून बघे. एकदा मला अंगात घालायचे, एवढीच तिची इच्छा.

एका शनिवारी गुरुजींनी विचारले, "माणूस आणि पोशाख मिळून एकशे बासष्ट किलो. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरते. तर तिथे किती?"

सगळे बोटे मोजत बसले. सोजरा उभी राहिली. "सत्तावीस, गुरुजी."

"एक वार... दोन वार..."

"पोरगी चंद्रावर जाते का बे?" पंजाब नावाचा पोरगा ओरडला. वर्ग खदखदून हसला. गुरुजींचा हात वरच राहिला. "पुढच्या शनिवारी पाहू," असे पुटपुटत त्यांनी मला खुंटीला अडकवले. मला फार वाईट वाटले.

पुढच्या शनिवारी सोजरा आलीच नाही. आली ती तानुबाई. म्हणाली, "बरोबर सांगूनबी लेकरू रिकाम्या हातानं घरी येते, तं शाळेत काऊन धाडू? मळ्यात वांगे तरी तोडते."

त्यानंतर गुरुजींनी हर्रासी मांडली नाही. दहा वर्षे मी खुंटीवर धूळ खात राहिलो. उंदरांनी एक बाही कुरतडली.

गुरुजी निवृत्त झाले, त्या महिन्यात शाळेचे मोडके सामान अंगणात विकायला काढले. हाका गुरुजीच देत होते. डब्याच्या पत्र्यापायी एका भंगारवाल्याने मला दोन रुपये लावले.

"एक वार... दोन वार..."

"थांबा गुरुजी." भाजीची टोपली खाली ठेवून एक बाई पुढे आली. कडेवर तीन वर्षांची पोर. "माही बोली पह्यलेच लागली आहे. एकशे बासष्टचा सहावा हिस्सा, सत्तावीस."

गुरुजींनी सोजराला ओळखले. त्यांचे डोळे भरून आले. "चुकलो मी, पोरी," ते सर्वांसमोर म्हणाले आणि हात त्यांनी टेबलावर आपटला.

"तीन वार!"

सोजराच्या अंगाला मी आता होणार नव्हतो. तिने मला लेकीच्या अंगात घातले. माझ्या बाह्या जमिनीवर लोळत होत्या.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. कापूस आहे, झिजणारच. पण बरोबर उत्तर कुणाच्या तोंडून आले, हे पाहून हात अडवू नका. गुरुजींना 'तीन वार' म्हणायला दहा वर्षे लागली. तुम्ही तेव्हाच म्हणा.