हळकुंड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धाड गावात अनसूयाबाई पाटलिणींच्या अंगणात त्यांच्या लेकाच्या फटफटीची किक अडून बसली, तेव्हा त्यांनी चार लोकांदेखत शकूर मिस्त्रीवर ठपका ठेवला. "पूजेआधी सफाईले तूच उघडली होती नं रे? आजपासून या दारी येऊ नको!"

शकूरने मान वर केली नाही. "जातो, पाटलीणबाई. पण आत काय अडकलं ते काढून जातो."

त्याने प्लग काढला, ज्वारीच्या काडीच्या टोकाला मेण थापले आणि ती भोकातून इंजिनात सोडली. बऱ्याच खटपटीनंतर काहीतरी चिकटून वर आले. ते पाहताच त्याने मूठ मिटली.

"खडा होता. माह्याच हातून पडला असंन."

पण निसटता दिसलेला पिवळा रंग अनसूयाबाईंनी ओळखला होता. काल शकूर ओट्यावर प्लग घासत असताना, उघडे भोक हेच यंत्राचे तोंड समजून त्यांनीच त्यात हळकुंड घातले होते; लेक बुलढाण्याला डिप्टी कलेक्टरसाहेबांच्या कचेरीत सुखरूप जावा म्हणून. मंगल वस्तू घात करील, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

ज्याला दार बंद केले, तोच आपली अब्रू मुठीत झाकून उभा आहे, हे पाहून त्यांची मान खाली गेली. लोक उठू लागले होते. ते गेले असते, तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"थांबा सारे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "शकूरभाऊ, मूठ उघड. ते हळकुंड माह्यं आहे."