इरल्याखालची रात

मी एक जुनं इरलं आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. आधीच सांगून ठेवते. गोड गोड ऐकायला बसला असाल तर पलीकडच्या पाट्याकडे जा. तो बिचारा गरीब आहे, जन्मभर कुणीही त्याला रगडलं तरी हूं की चूं करत नाही.

इरलं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. भाताची लावणी करताना बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं जे छप्पर, ते मी. उताणं ठेवा, होडी दिसेल. पालथं ठेवा, कासव दिसेल. आणि मी बाईमाणसासारखी का बोलते म्हणून कुणी हसू नका. सगळा जन्म सखूबाईच्या डोक्यावर काढला, तिची जीभ मला लागली.

मला विणलं चिमाजीने, सखूबाईच्या नवऱ्याने. वेल्ह्याकडचा पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावई. आला की हलत नाही. त्याला पुरून उरायचं तर कामटी चिवट लागते आणि पळसाच्या पानांचा थर जाड लागतो. दर साली पानं नवी, सांगाडा तोच. चिमाजी गेला, तेव्हापासून पानं भरायचं काम सखूबाईने कुणाला करू दिलं नाही. शेजारणी म्हणायच्या, "सखूबाईचं इरलं म्हंजी कवलारू घर!" मी फुगायचे. का फुगू नये?

मग भोरच्या बाजारातून सुनेने निळं प्लॅस्टिक आणलं. घडी घालून पिशवीत. ज्याची घडी होते त्याला कसला आलाय कणा? पण मला कोण विचारतो! मला गोठ्यात टांगलं. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली, उबवली आणि पिल्लं घेऊन चालती झाली. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अशी मी लटकत असताना आमच्या वाडीच्या शाळेत 'दूरदेशी' नावाची संस्था आली. वाचायला अडणाऱ्या पोरांना शाळा सुटल्यावर जवळ बसवून शिकवायची, दप्तरं द्यायची. रेनकोटही वाटले, त्याबद्दल मी अजून माफी दिलेली नाही. आणि देशोदेशीच्या लोककथा सांगायची. सांगणारी होती प्रेरणाताई. नसरापूरहून एसटीने यायची, खांद्याला ही एवढी पुस्तकांची झोळी.

पण पहिल्याच दिवशी गोष्टीच्या वेळेला पोरं पसार. दुसऱ्या दिवशीही तेच. ताई हिरमुसून आमच्या अंगणात येऊन बसली.

"आजी, गोष्टी आवडत नाहीत का इथल्या मुलांना?"

"आवडत्यात की. पन दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो," सखूबाई म्हणाली. "कुठली आई पोराला धाडंल? पोराचा मामा म्हंजी तिचा भाऊच न्हवं का?"

"मग रात्री कशी येऊ? शेवटची एसटी गेली की मी इथेच अडकले."

सखूबाईने गोठ्याकडे पाहिलं. उठली, मला खाली काढलं, दोनदा आपटून पिसं झाडली आणि सरळ ताईच्या डोक्यावर पालथं घातलं.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही!"

"मंग झाली रात. सांग."

झालं! वाडीने हा निवाडा मान्य केला. सांगणाऱ्याचं डोकं इरल्याखाली असेल तर ती रात्रच, आणि कुणाचा मामा कुठे जात नाही. मित्रांनो, काय दिवस होते ते! मी देवमाशाची पाठ झाले, बर्फाचं घर झाले, राक्षसाची टोपी झाले. सखूबाई बाजूला बसून पोरांना शिकवायची, "हुंकार द्या रं! गोष्टीला हुंकार न्हाई मिळाला तर गोष्ट पुढं चालत न्हाई. बैल हाय ती, हाकावी लागती." मग पन्नास गळ्यांतून 'हं' निघायचं आणि माझी पानं थरथरायची.

सखूबाईची नात अश्विनी चौथीत. एक दिवस ती म्हणाली, "ताई, म्या सांगू?" आणि शिरली माझ्याखाली. तिची आवडती गोष्ट आफ्रिकेकडची. कासवीण घर पाठीवर घेऊन निघालेली. सिंह अडवतो, म्हणतो, मी राजा, तुझं घर मला दे. कासवीण म्हणते, नाही देणार. हवं तर आत डोकं घालून बघ, मावतोस का. सिंह डोकं घालतो, ते अडकतं, आणि राजेसाहेब जंगलभर तसेच धडपडत फिरतात. अश्विनी सांगायला लागली की म्हातारी माणसंही शाळेच्या कुंपणाला टेकून ऐकायची. मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल.

मरण आलं नाही. इंद्रजित आला.

हा संस्थेचा नवा साहेब. बूट चकचकीत, केस तेल न लावता चकचकीत. संस्थेला सगळ्यात मोठी देणगी देणारे आनंदराव त्याचे सख्खे मामा, भोरला राहणारे. ते पौषात आमच्या शाळेचा कार्यक्रम बघायला येणार होते, म्हणून हा चार दिवस आधी तालीम बघायला आला. अश्विनी माझ्याखालून सांगत होती. सिंहाने घर मागितलं आणि ती कासविणीच्या आवाजात गरजली, "म्या न्हाई देनार माजं घर!"

इंद्रजित हसला. नुसता हसला असता तर मी सोडून दिलं असतं. त्याने नक्कल केली. "म्या न्हाई देनार! म्या न्हाई!" हात नाचवून, तोंड वाकडं करून. आणि मित्रांनो, पोरंही हसली. तिच्याच वर्गातली, तीच बोली बोलणारी.

"मी देणार नाही, असं म्हण," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर हे गावठी चालायचं नाही."

आत अंधारात अश्विनीचे ओठ हलत होते. मला दिसत होतं. आवाज निघाला नाही. ती माझ्याखालून सरपटत बाहेर आली आणि भिंतीला जाऊन टेकली.

सखूबाई उभी राहिली. "सायेब, तुमचं कासव आफ्रिकेतनं आलं न्हवं? मंग ते पुन्याची भाषा बोलतं व्हय?"

"आजी, तुम्ही घरी जा. गोष्ट मीच सांगेन. आणि हा कचरा उचला इथून." कचरा म्हणजे मी. त्याने मला एका पायाने सारलं आणि दोन्ही हातांनी कुंपणापलीकडे भिरकावलं. उकिरड्यावर पडताना माझी कपाळावरची कामटी मोडली. चिमाजीच्या हातची कामटी! पुण्याहून फायबरचं हिरवंगार कासव येणार होतं म्हणे.

प्रेरणाताई मध्ये पडायला गेली, तर तिला म्हणाला, "नंतर बोलू." ते नंतर आलंच नाही.

सखूबाईने मला उकिरड्यावरून उचललं, तिथूनच विचारलं, "दिवसाढवळ्या सांगनार गोष्ट? उघड्यावर?"

"हो."

"मामा वाट चुकंल."

तो पुन्हा हसला. "माझे मामाच पाहुणे आहेत, आजी. सोबत ड्रायव्हर आहे, मोबाईलवर नकाशा आहे. ते कशाला चुकतात?"

सखूबाईने मला काखेत मारलं आणि घरची वाट धरली. ती बोलते तोवर माणसाने निर्धास्त राहावं. गप्प झाली की घरातली मांजरंसुद्धा माळ्यावर जातात.

अश्विनी त्या दिवसापासून शाळेत बोलेना. हजेरीला नुसता हात वर. घरीसुद्धा पाणी हवं तर तांब्याकडे बोट. सखूबाई तिला रागावली, लाडीगोडी लावली, शेंगदाण्याचा लाडू दिला. पोरीने लाडू खाल्ला, पण शब्द दिला नाही. ते बघून माझ्यातली वाळकी पानंही पेटायला आली होती.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. थंडीचं कोरडं ऊन, आभाळात ढगाचं बोट नाही. सखूबाईने मला डोक्यावर घेतलं आणि पाली गावाच्या अलीकडच्या फाट्यावर जाऊन बसली. एक वाट शाळेकडे, दुसरी आमच्या वस्तीकडे. तिथे मोबाईलला रेंज येत नाही. राजगडाला जाणारे ट्रेकवाले रोज तिलाच वाट विचारतात, आणि ती रोज नीट सांगते. रोज.

पांढरी गाडी आली. ड्रायव्हरने काच खाली केली. "आजी, पाऊस कुठाय?"

"येतोय. तुमच्याच मागनं."

मागच्या सीटवर पांढऱ्या टोपीतले आनंदराव हसले. "बाई, गोष्टीचा कार्यक्रम कुठं हाय?"

सखूबाईने हात लांब केला. वस्तीच्या वाटेकडे. मीही तिच्या डोक्यावर तिकडेच कलले. एवढा माझा हातभार. गाडी वळणावळणाने धूळ उडवत निघाली, आणि आम्ही दोघी भाताच्या रिकाम्या खाचरांतून आडव्या उतरून गाडीच्या आधी अंगणात.

आनंदराव उतरून इकडेतिकडे बघू लागले. "शाळा कुठाय?"

"गोष्ट ऐकाय आलात न्हवं? बसा." सखूबाईने पोतं अंथरलं. "हुंकार द्यायचा. हसायचं न्हाई. हसलात तर चा न्हाई."

चुलीपाशी बसलेल्या अश्विनीला तिने दंडाला धरून आणलं, बसवलं आणि वरून मला पालथं घातलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ड्रायव्हर चुळबुळ करू लागला. पोरीचे गुडघे माझ्या कामट्यांना लागत होते, तिचा श्वास माझ्या पानांना. मोडक्या कामटीच्या जागी भोक पडलं होतं, त्यातून ती म्हाताऱ्याचं तोंड बघत होती. तो हसत नव्हता. मांडी घालून, टोपी काढून बसला होता.

"हं," तो म्हणाला. गोष्ट सुरू नव्हती तरी. वाट बघणारा हुंकार होता तो.

"एक व्हती कासवीन," आतून आवाज आला.

"हं."

मग ती थांबली नाही. सिंह आला, अडवलं, घर मागितलं. इथे तिचा श्वास अडखळला.

"म्या न्हाई देनार माजं घर!"

आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "व्हय! देऊ नगंस, पोरी! आजाबात देऊ नगंस!"

सखूबाईने तोंडावर पदर घेतला. डोळे नव्हती पुसत, मित्रांनो. हसत होती, विजयाचं.

तिकडे शाळेत काय झालं, ते प्रेरणाताईने मागाहून सांगितलं. फायबरचं कासव पुढ्यात ठेवून इंद्रजितने रिकाम्या खुर्चीपुढे गोष्ट सुरू केली. पोरांनी हुंकार दिला नाही. एकानेही नाही. अश्विनीला हसल्याचं त्यांना चार दिवस टोचत होतं. तो दोन वाक्यं बोलायचा, थांबायचा, घाम पुसायचा. शेवटी एक बारकी पोर उठून म्हणाली, "सर, दिवसा सांगू नका. तुमचा मामा अजून आला न्हाई."

तेव्हा तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मामाला शोधत निघाला. ताई आणि अर्धी शाळा मागून पळत. धुळीने माखलेला अंगणात येतो, तर मामासाहेब बशीतून चहा फुर्रकन ओढताहेत.

"मामा! वाट चुकलात?"

"चुकलो," आनंदराव म्हणाले. "बरं झालं. तू हिची नक्कल केलीस म्हनं? इंद्या, तुजी आय बी 'म्या'च म्हनायची. तिची बी कर की."

इंद्रजितची मान खाली गेली. अश्विनी माझ्याखालून डोकावली. "आज्जे, सिंव्ह कोन व्हनार?"

"हे काय, आलाय की चालत," सखूबाई म्हणाली.

मामाने नुसती भुवई उचलली. साहेब गुडघ्यावर बसले आणि डोकं आत घातलं. आत कोंबडीची पिसं, कोळिष्टकं, उकिरड्याचा वास, सगळं त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. आणि त्यांनीच मोडलेली ती कामटी त्यांच्या चकचकीत केसांत अशी गुंतली की मान हलवता येईना.

"निघत नाही... कुणीतरी काढा!"

"हुंकार द्या, सायेब," सखूबाई म्हणाली, "त्याबिगर गोष्ट सरायची न्हाई."

अश्विनीने आतूनच गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. कासवीण कुठे जन्मली, कुठे वाढली, इथपासून. घाई कुणालाच नव्हती. तिच्या शेजारून साहेबांचा बारीक आवाज येत होता, हं... हं... आणि बाहेर अर्धी शाळा पोटं धरून बसली होती.

आता मी शाळेतच असते, खुंटीला. सखूबाईच्या परवानगीने ताई दर साली नवी पानं भरते, पण मोडकी कामटी बदलू देत नाही सखूबाई, आणि मीही नाही. मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पोराची बोली जपा, असं मी हात जोडून सांगणार नाही. मला हात नाहीत. मला आहे ती एक मोडकी कामटी. पुन्हा कुणी पोरीच्या बोलण्याला हसलाच, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. आत डोकं घाल म्हणावं. मावतोस का, बघू.