रजिस्टरमधला मुलगा

वडील जाऊन अठरा दिवस झाले होते आणि संपदाला अजून कोणी रडताना पाहिलं नव्हतं. तेराव्याला आलेल्या बायका जिना उतरताना हळू आवाजात तेच बोलत गेल्या. आईने मात्र त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिला घोर होता तो वेगळाच. दाखल्याचा विषय निघाला की ती घाईने म्हणायची, "तू कशाला जातेस? स्वप्नील आणेल." स्वप्नील म्हणजे संपदाचा चुलतभाऊ, साधा माणूस. त्याला दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा तो चप्पल शोधत म्हणाला, काकूंना विचार.

आईचं फॅमिली पेन्शन, बँक, सोसायटी, सगळीकडे मृत्यूचा दाखला लागणार होता. संपदाने नागपूरचं परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि आईला भाजी आणते म्हणून सांगून पालिकेचं विभाग कार्यालय गाठलं.

जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे स्नेहल नावाची कारकून बसली होती. संपदाने फॉर्म भरला: हरिश्चंद्र, वय एकाहत्तर, मृत्यूचं ठिकाण राहतं घर, भाईंदर पूर्व. स्नेहलने जाडजूड रजिस्टर ओढलं, बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबवलं.

"ह्याची पहिली प्रत गेलीय मॅडम. मुलगा घेऊन गेला."

"कोणाचा मुलगा?"

"मयताचा."

"मी एकुलती एक आहे," संपदा म्हणाली.

स्नेहलने वर पाहिलं. भावंडांची भांडणं त्या खिडकीवर रोज येत असावीत. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं, सराव होता. तिने रजिस्टर संपदाकडे फिरवलं. माहिती देणाऱ्याचं नाव ईश्वर. पत्ता घोडबंदर गाव. मृताशी नातं: मुलगा. खाली ठसठशीत, एकेक अक्षर सुटं काढलेली सही.

दाखल्यावर हे काही छापून येत नाही, फक्त आमच्याकडे राहतं, असं स्नेहलने समजावलं. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत प्रतिज्ञापत्र आणि स्मशानाच्या नोंदीची नक्कल जोडा. मग जरा पुढे वाकून म्हणाली, "पण आधी घरी विचारून घ्या हां."

जादा प्रती चार दिवसांनी मिळणार होत्या. संपदा दुरुस्तीचा कोरा अर्ज घेऊन बाहेर आली आणि रिक्षा न करता चालत सुटली.

घोडबंदर. बाबा दर गुरुवारी घोडबंदरची बस पकडायचे. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं. खाडीची हवा चांगली असते, म्हणायचे. संध्याकाळी परत यायचे ते पिशवीत चारदोन पेरू आणि नखांत माती घेऊन. हवा खायला गेलेल्या माणसाच्या नखांत माती कशी, हे तिने कधी विचारलं नाही. दादर सोडून इतक्या लांब, इथेच यायचा हट्ट त्यांनी का धरला होता, हेही नाही. आयुष्यभर पुस्तकांतल्या माणसांच्या मनाचा ठाव घेत बसलेली ती, पण जन्मदात्या माणसाला तिने वाचलं होतं ते फक्त मुखपृष्ठावरून. सहीवरून तिने त्या ईश्वरचं वय काढायचा प्रयत्न केला. तो तिच्याहून मोठा की धाकटा, एवढं तरी कळायला हवं होतं.

घरी आई मेथी निवडत होती. संपदा समोर बसली, एक जुडी ओढून घेतली.

"आई, बाबांना अग्नी कोणी दिला?"

"मंडळींनी केलं सगळं."

"मंडळी म्हणजे कोण?"

आईचा हात थांबला. "आता ते कशाला?" म्हणून ती उठली आणि पानांबरोबर देठंही पातेल्यात टाकून गेली. चाळीस वर्षांत आईने मेथीची देठं कधी ठेवली नव्हती. संपदाच्या मनात पाल चुकचुकली. हिला माहीत आहे. नुसतं माहीत नाही, ती ते झाकते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्मशानात गेली. मर्तिकाच्या दिवशी ती पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. पहाटे पाचला आईचा फोन आला, मिळेल त्या विमानाने ती निघाली, दुपारी एकला घरी पोहोचली तेव्हा फरशी धुऊन वाळलेली होती. नऊलाच नेलं, असं आई म्हणाली होती. डॉक्टरांनीच ठेवू नका म्हणून सांगितलं.

स्मशानाची वही धाकू नावाचा म्हातारा सांभाळायचा. खारी गावातलाच माणूस, कानावर बिडी. नाव सांगताच त्याने पान काढलं. संपदाने मुद्दाम आवाज कोरडा ठेवून विचारलं, की हा ईश्वर मयताचा मुलगा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं.

"सांगाया कशाला पायजे? आग दिली त्यो पोरगा," धाकू म्हणाला. "मी हितं तसाच लिवतो. पुतन्या असंल, जावई असंल, आग दिली की पोरगा. पावती त्याच्याच हातात देतो, त्यो कचेरीत नेतो. आजवर कोनाची तक्रार न्हाय."

"तुम्ही ह्यांना ओळखता?"

"घोडबंदरला रोपांची बाग हाय त्याची. तुमचं बाबा जायचं ना तिथं कलमा बांधाया. वंगाळ मानूस न्हाय, बाय."

संपदाने मान हलवली. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, निम्मं उतरलंही. पण तिची नजर वहीतल्या शेवटच्या रकान्यावर गेली. अग्नी दिल्याची वेळ: बारा वाजून दहा मिनिटं.

"नऊला आणलं होतं ना?"

"धाला आनला. मंडळी बसली होती, म्हनत होती, पोरगी इमानतळावर उतरली असंल. मी म्हनलं थांबा की, मला काय घाई न्हाय. बारा वाजवलं. मग ह्यो ईश्वर म्हनाला, माईंचा, म्हंजे तुमच्या आईचा, निरोप हाय, थांबायचा न्हाय."

धाकूने नक्कल लिहून शिक्का मारून दिली. ती हातात घेऊन संपदा घरी आली. बाबांवरचा संशय वाटेतच गळून पडला होता, आणि त्याच्या जागी जे आलं होतं त्याला काय नाव द्यावं हे तिला कळत नव्हतं. मला तूच अग्नी द्यायचास, असं बाबा तिला एकदा नाही, चारदा म्हणाले होते. आईसमोर म्हणाले होते.

तिने नक्कल आईपुढे ठेवली. आईने चष्मा लावून ती वाचली. मग कपाट उघडलं, साड्यांच्या खालून दाखल्याची पहिली प्रत काढली आणि नकलेशेजारी ठेवली. ईश्वरने दहाव्याच्याही आधी आणून दिली होती. ही कोणी आणली, असं संपदा विचारणार, मग सगळंच सांगावं लागणार, म्हणून आईने ती लपवली होती.

स्वप्नीलची बायको पोटुशी, त्यामुळे तो अग्नी देऊ शकत नव्हता, असं आई सांगू लागली. बाकीच्यांचे वडील हयात, म्हणून तेही नाहीत. ईश्वर आपणहून पुढे झाला.

"मी पन्नास मिनिटांच्या अंतरावर होते," संपदा म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग?"

आईने दाखल्याची घडी सरळ केली. "माझे वडील गेले तेव्हा भाऊ लहान होता. मी दिला अग्नी. चौदा वर्षांची होते. गावाने कौतुक केलं." तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "अजून भात वाढताना अग्नी देणारे तेच हात दिसतात मला. तुझ्या हातांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. त्यांचं ऐकलं नाही मी. त्यांना काय, ते गेले होते."

संपदाला राग यायला हवा होता. तो आला, आणि आईच्या त्या हातांपाशी येऊन अडला. "मला विचारायचंस तरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

आईने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. फक्त उठून पंखा हळू केला.

चौथ्या दिवशी संपदा प्रती घ्यायला गेली, तेव्हा प्रतिज्ञापत्र सोबत होतं. राहू द्या ना मॅडम, कोण बघतंय, असं स्नेहल म्हणाली. संपदाने ईश्वरचं नाव तसंच ठेवलं. नात्यापुढे 'मुलगा'ऐवजी 'स्नेही' लिहिलं. खाली दुरुस्तीचं कारण विचारलं होतं, दोन ओळींची जागा होती.

मग तिने लिहिलं: मृतास एकच अपत्य, मुलगी. ती वाटेत होती.