करंड्यातल्या गोळ्या

गोळी जिभेखाली ठेवली की आधी चुरचुरायचं, मग तोंड तापायचं, कानशिलं लाल व्हायची, आणि छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तशी कळ ओसरायची. इथपर्यंत सगळं बरं. पण तो धोंडा बाजूला कुठं जायचा? तो जाऊन डोक्यात बसायचा. दोन्ही कानशिलांत घण पडायला लागायचे. दत्तोपंत मग डोळे मिटून, डोकं तळव्यांत धरून खुर्चीत बसायचे, आणि द्वारकाबाई सुंठीच्या लेपाची वाटी घेऊन समोर उभ्या राहायच्या.

गोळी बसूनच घ्यायची, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. एकदा दत्तोपंतांनी परसात उभ्या उभ्या घेतली आणि रांजणाशी कोसळले. भुवईवर तीन टाके पडले. तेव्हापासून द्वारकाबाईंनी ओसरीवर, परसात, न्हाणीच्या दाराशी, देवघराच्या उंबऱ्याशी, जिथं जागा मिळेल तिथं बसायला काहीतरी मांडून ठेवलं होतं. कुठं स्टूल, कुठं पाट, कुठं नुसताच ओंडका. दूध घालायला येणारी धुरपदाबाई म्हणायची, "आवं बाई, घरात मानसं दोन आन् बैठका सात! तहसील कचेरी थाटली का काय मास्तरांनी?"

दत्तोपंत परंड्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निजामाचं राज्य जाऊन चौदा वर्षं झाली होती, तरी हजेरीला ते 'हाजिरी'च म्हणायचे. चैत्रात, वर्गात उभं असतानाच, त्यांच्या छातीत पहिली कळ आली होती. चार माणसांनी त्यांना उचलून घरी आणलं, त्या दुपारपासून द्वारकाबाईंच्या आतलं काहीतरी बधिर होऊन गेलं. रडू आलं नाही. भीतीही धड वाटेना. पहाटे उठायचं, तुळशीला अकरा प्रदक्षिणा घालायच्या, पोथीचा एक अध्याय वाचायचा, वाती वळायच्या, आणि दिवसभर त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहायचं. बघणं हेही नेमातलंच एक काम झालं होतं.

खरी अडचण वेगळीच होती. डोकेदुखीला कंटाळून दत्तोपंत गोळी टाळायला लागले होते. कळ आली तरी ओठ घट्ट मिटून, छातीवर मूठ दाबून बसायचे.

"अहो, घ्या ना गोळी."

"जाईल गं. आत्ता घेतली तर दुपारचा तास बुडेल. डोक्यात घण घेऊन पानिपत कसं शिकवू?"

"पानिपत काही पळून जात नाही."

"तेच तर दुखणं आहे त्या पानिपताचं," असं म्हणून ते हसायचे, आणि हसता हसता घामानं भिजायचे.

डॉक्टर स्पष्ट बोलले होते. गोळी टाळली आणि कळ लांबली, तर एखाद्या वेळी ती परत फिरणार नाही. द्वारकाबाईंना एवढं कळत होतं की त्यांचं डोकं दुखायचं थांबलं तर ते गोळी घेतील, आणि गोळी घेतली तर राहतील. मग श्रावणातल्या पहिल्या रविवारी त्यांनी सोनारीच्या भैरवनाथाला मनातल्या मनात सांगितलं, 'यांचं डोकं थांबेपर्यंत मी मीठ खाणार नाही.' कुणाला सांगितलं नाही. पण अळणी वरण-भात किती दिवस लपणार? धुरपदाबाईनं आठवड्यात ओळखलं, आणि धुरपदाबाईला कळलं म्हणजे गल्लीला कळलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. दत्तोपंतांना कळ यायची ती बहुतेक सकाळी, अंघोळ करून पूजेला बसल्यावर. शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांना खालच्या मजल्यावरचे वर्ग दिल्यापासून तिथं ती येत नव्हती. आता पूजा सोवळ्यात, आणि गोळ्यांची काचेची बाटली कोटाच्या खिशात, बाहेर खुंटीला. कोट ओवळा, बाटली ओवळी. एका सकाळी अभिषेकाचं पाणी घालता घालता ते वाकले ते वाकलेच. द्वारकाबाई स्वयंपाकघरात सोवळ्यात होत्या. गल्लीतून धुरपदाबाईला हाक मारून बाटली काढून घेईपर्यंत दोन-चार मिनिटं गेली.

हे पुन्हा नको, म्हणून द्वारकाबाईंनी एक युक्ती काढली. तुळजापूरहून, माहेराहून मिळालेला चांदीचा लहान करंडा होता. तो चिंचेनं घासला, धुतला, देवापुढं ठेवला. एका दुपारी, सोवळं नेसायच्या आधी, बाटलीतल्या पाच-सहा गोळ्या शाळेसाठी ठेवून बाकी सगळ्या त्यात ओतल्या, आणि करंडा देव्हाऱ्याच्या फळीवर नंदादीपाच्या शेजारी ठेवला. तिथं हात लगेच पोचायचा. अंधारातसुद्धा दिसायचा. करंड्याचं झाकण थोडं सैल होतं, पण त्यातून कुंकू तरी कधी सांडलं होतं?

भाद्रपद गेला. नवरात्र गेलं. एका सकाळी दत्तोपंतांनी करंड्यातली गोळी घेतली, पाटावर भिंतीला टेकून बसले, आणि थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "अगं, आज डोकं दुखत नाही."

द्वारकाबाई सुंठ उगाळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आणि छाती?"

"उतरली कळ. बसल्या बसल्या उतरली."

"चुरचुरली का जिभेखाली?"

"नाही. अगदी साखरेसारखी गेली."

पुढच्या खेपेलाही तसंच. त्याच्या पुढच्याही. दत्तोपंत आता न कुरकुरता गोळी घ्यायला लागले. घण नाही, ताप नाही, तोंड लाल होणं नाही. धुरपदाबाई दुधाचं माप उपडं करत म्हणाली, "पावला बगा भैरोबा! म्या म्हनलं नव्हतं? बाईचं मीठ त्याच्या दारात वाजलंच."

"मीठ कधी वाजतं का?" दत्तोपंत ओसरीवरून म्हणाले.

"तुमाला न्हाय कळायचं, मास्तर. ह्ये पुस्तकात नसतंय."

गल्लीतल्या दोघी-तिघी द्वारकाबाईंना नेम विचारायला येऊन गेल्या. द्वारकाबाईंनी सगळ्यांना हळू आवाजात, होतं ते सांगितलं. आनंद व्हायला हवा होता. तो कुठंतरी असेल, असं धरून त्या वाती वळत राहिल्या.

नेम फिटला होता, तेव्हा सोनारीला जाऊन अभिषेक करायचा आणि देवाच्या दारात मीठ खाऊन पारणं करायचं, असं ठरलं. कार्तिकातला रविवार. थंडी चांगली पडली होती. पहिल्या एस.टी.नं तिघं निघाले. धुरपदाबाई हौसेनं बरोबर आली. द्वारकाबाईंनी करंडा पूजेच्या सामानात, धुतल्या फडक्यात बांधून घेतला. मिठाची पुडीही त्यातच होती.

सोनारीला माकडांचा सुळसुळाट. देवळाच्या पायऱ्यांवर एकानं धुरपदाबाईच्या हातातला नारळ बघता बघता पळवला.

"आरं मुडद्या, निवद तर हू दे!" धुरपदाबाई काठी घेऊन धावली, आणि दत्तोपंत मोठ्यानं हसले. मग त्यांनी विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ केली, सोवळं नेसलं. कोट आणि टोपी धुरपदाबाईच्या हवाली केली. ती सामान राखत दाराशी बसली.

अभिषेक अर्धा झाला असेल. दत्तोपंतांच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी पिंडीऐवजी फरशीवर पडलं. द्वारकाबाईंनी ते पाणी बघितलं, मग त्यांचा चेहरा बघितला. चेहरा राखेसारखा झाला होता. पुजाऱ्यानं आणि त्यांनी मिळून दत्तोपंतांना सभामंडपात खांबाला टेकवून बसवलं. द्वारकाबाईंनी फडकं सोडलं, करंडा उघडला, गोळी जिभेखाली ठेवली. मनात आकडे म्हणायला लागल्या. डॉक्टरांनी पाच मिनिटं सांगितली होती. काही झालं नाही. दुसरी दिली. पुन्हा आकडे. दत्तोपंतांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्यांना तो पुसायचं भान नव्हतं. तिसरी दिली. तीनपेक्षा जास्त नाही, असंही सांगितलेलं होतं.

द्वारकाबाई त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसून राहिल्या. मंडपात घंटा वाजली, कुणीतरी कापूर लावला, सगळं दूर कुठंतरी चाललंय असं त्यांना वाटलं. स्वतःचे पाय आहेत की नाहीत तेही कळेना.

"बाई!" धुरपदाबाई कोट घेऊन आत आली होती. "ह्यांच्या खिशात बी कायतरी खुळखुळतंय. दवाच हाय न्हवं?"

"तीच आहे गं. तीन दिल्या. तीच गोळी आहे."

"आसू द्या की तीच. देऊन तर बगा! का नुसतं बगत बसताव?"

तिनं कोट पुढं केला. द्वारकाबाईंचा हात उठला आणि मध्येच थबकला. सोवळ्यातला हात, ओवळा कोट. डोळ्याचं पातं लवावं इतकाच तो थांबला होता. पुजाऱ्यानं पाहिलं नाही, धुरपदाबाईनंही नाही. मग त्यांनी खिशात हात घातला, बाटलीचं बूच दातांनी उघडलं, आतला कापूस काढून टाकला आणि चौथी गोळी दत्तोपंतांच्या जिभेखाली सरकवली.

दोनशेपर्यंत आकडे झाले असतील. दत्तोपंतांच्या गालांवर लाली चढली. कानशिलाची शीर उडायला लागली. त्यांनी श्वास घेतला, लांब, आवाज करत, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "डोकं... डोकं फुटतंय गं."

"फुटू द्या," धुरपदाबाई म्हणाली आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. द्वारकाबाईंना रडू आलं नाही. त्या त्यांचं डोकं धरून बसल्या. तळव्यांखाली घण पडत होते, ते मोजत राहिल्या.

संध्याकाळी परंड्याला गावातले सिद्धलिंग डॉक्टर घरी आले. छाती तपासली, अंथरुणातून दहा दिवस हलायचं नाही म्हणाले, आणि हात धुवायला परसात गेले, तेव्हा द्वारकाबाईंनी करंडा त्यांच्यापुढं धरला. सगळं सांगितलं. नंदादीपसुद्धा सांगितला.

डॉक्टरांनी एक गोळी स्वतःच्या जिभेवर ठेवली. थुंकली.

"काकू, यात आता काही राहिलं नाही. हे औषध उडून जातं. काचेत, घट्ट बुचात ठेवावं लागतं, उष्णतेपासून लांब. कापूर कसा उडतो, तसं."

"कापूर मी मिरे घालून घट्ट डबीत ठेवते," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तेच की. हिला पण तसंच."

"मग मधे बरं वाटत होतं ते?"

"बसल्यामुळं. हलकी कळ नुसतं बसून राहिलं तरी कधी कधी जाते. डोकं दुखत नव्हतं, कारण औषधच पोटात जात नव्हतं." त्यांनी हात पुसले. "आमच्याकडूनही सांगायचं राहिलं असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

लावून घ्यायला मन हाती लागायला हवं होतं. ते हाती लागत नव्हतं. द्वारकाबाईंनी करंडा चुलीत उपडा केला, चिंचेनं घासला, पुसला. हात सगळं बरोबर करत होते. तेवढ्यात तोच हात कोटापुढं थबकलेला त्यांना आठवला, आणि त्या तो पदराखाली धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग आत जाऊन त्यांनी दत्तोपंतांना सांगितलं. काही मागं ठेवलं नाही. हात थबकल्याचंही सांगितलं. दत्तोपंत वर आढ्याकडं बघत ऐकत होते.

"म्हणजे महिनाभर मी साखर खात होतो म्हण की," ते म्हणाले.

"हो."

"आणि भैरवनाथ?"

द्वारकाबाईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "कोट धुरपदेच्या हातात द्यायचं तुम्हाला कुणी सुचवलं, ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मी सुचवलं नव्हतं. तुम्हीच दिला."

दत्तोपंत हसायला गेले, पण डोकं ठणकलं तसे थांबले. "मीठ खाल्लंस का?"

"नाही. पारणं झालंच नाही. पुडी तशीच परत आणली."

"मग खा आता."

"नेम डोकं थांबेपर्यंतचा होता."

"अगं, डोकं आता थांबायचं नाही. जोवर खरी गोळी, तोवर घण. मी आहे तोवर तू अळणी खाणार?"

"चालेल मला," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी मिठाची पुडी फळीवर ठेवली. बाटली, बूच घट्ट आहे ना ते दोनदा बघून, कोनाड्यात दिव्यापासून लांब ठेवली. ती ओवळी होती. तिला शिवताना त्या या वेळी थांबल्या नाहीत. मग सुंठीचा लेप त्यांच्या कपाळाला लावायला बसल्या.

"दुखतंय का?"

"दुखतंय."

"अजून?"

"अगं, हो. घण पडताहेत."

द्वारकाबाईंनी मान हलवली, वाटी खाली ठेवली आणि दिवा लावायला उठल्या. जाता जाता दारातून त्यांनी परत एकदा विचारलं.