राक्षसांनी राखलेली भट्टी

जर्मनीतल्या वेस्टरवाल्डमधल्या आमच्या माळावर दर उन्हाळ्यात आठवडाभर जुन्या काळचं गाव वसतं. तंबू, लोहाराचा भाता, माग, कुंभाराची भट्टी, सगळं खरं. माणसं मात्र सोंगातली. कुणी सरदार, कुणी चेटकीण, कुणी राक्षस. खेळता खेळता एखादं जुनं काम हाताला शिकवायचं, एवढंच. मी मेणबत्त्या करायला शिकवते आणि खेळात जोगीण, म्हणजे मठातली सिस्टर असते. त्याला सोंग म्हणणं मला जड जातं, कारण तिन्ही वेळच्या प्रार्थना मी घरीही करते आणि खोटं न बोलण्याचं व्रत खेळातही सोडत नाही. म्हणून खेळातला कुठलाच पक्ष मला आपलं गुपित सांगत नाही.

कुंभारकाम बुर्कहार्ड शिकवतो. पिढीजात कुंभार, जीभ तिखट, हात मऊ. त्याच्याकडे दोन उन्हाळे शिकून ओटिली यंदा पुन्हा आली होती. ती गावात टपाल वाटायची. अर्धांगाच्या झटक्यातून उठली, पण डावा हात जरा मागे राहिला. पहिल्या वर्षी तिची सुरई चाकावरच बसली, दुसऱ्या वर्षी भट्टीत फुटली. यंदा तिनं चाक सोडलं आणि मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून सुरई उभी केली. किंचित कललेली, पण उभी.

"हिनं पाणी धरलं तर तुला कारागीर म्हणेन," बुर्कहार्ड म्हणाला. "गळली तर शिकाऊच."

मला मात्र ती मेणाच्या कढईपाशी हळूच म्हणाली, "लिओबा, यंदाही गेली ना, तर मी पुन्हा मातीला हात लावणार नाही."

आमची माती फार आच मागते. मध्येच आच पडली तर भांडं कच्चं राहतं, पाणी झिरपतं. शेवटी ज्वाळ पांढरी झाली की भट्टीत मीठ टाकायचं, त्याचीच चकाकी भांड्यांवर चढते. शुक्रवारी दुपारी ज्वाळ नुकती पिवळी होत होती, आणि राक्षसांची धाड आली. खरं तर ती संध्याकाळी ठरलेली. पण स्वयंपाकाच्या तंबूतून सॉसेज भाजल्याचा वास सुटला आणि राक्षसांना धीर धरवला नाही. त्यांनी साऱ्या गावाला विहिरीपाशी नेऊन बांधलं. भट्टी राहिली पलीकडे, छपराआड.

आमच्यात नियम आहे. खरोखरची अडचण आली तर दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे, की खेळ थांबतो. बांधलेल्या हातांनी फुली कशी करायची, हे मात्र इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

"अरे सोडा! भट्टी विझतेय!" ओटिली ओरडली.

"वा! काय आक्रोश करते बघा!" राक्षसांचा सरदार खूश झाला. हा उडो, गावातला दातांचा डॉक्टर. खेळात त्याचे स्वतःचे दात हिरवे.

"नाटक नाही रे, खरंच सांगते!"

"सगळे कैदी असंच म्हणतात, आजीबाई."

"आजीबाई कुणाला म्हणतोस, बेडका?"

राक्षसांनी टाळ्या वाजवल्या. बुर्कहार्डही गरजत होता, पण तो एरवीही गरजतोच, त्यामुळे कुणी मान वळवली नाही.

गरम मेणापाशी धाड घालायची नाही, म्हणून मी तेवढी मोकळी होते. मी कढई झाकून येईतो उडोच माझ्यासमोर आला.

"बोल सिस्टर, गावाचा खजिना कुठे आहे?"

"भट्टीत," मी म्हणाले.

"झालं! ओकली सगळं!" गावकरी करवादले. उडोनं फोमची कुऱ्हाड उगारली.

"पण आता उघडलीस तर हाती खापऱ्या येतील. आणि लाकडं घातली नाहीस तरी सगळं वाया. ओटिली खरंच बोलतेय, उडो."

हिरव्या रंगाखाली त्याचा चेहरा पडला. "सिस्टर म्हणतेय म्हणजे..." त्याचे हात डोक्याकडे गेले.

"खबरदार!" खांबाला बांधलेला बुर्कहार्ड ओरडला. "माझ्यापायी खेळ कधी थांबलेला नाही. खेळात कुणी सोडवल्याशिवाय मी सुटणार नाही. तिला सोड, आणि तुझ्या रेड्यांना जुंप!"

ओटिलीचे हात सुटले तशी ती लंगडत धावली. तिच्यामागे राक्षस.

"असा ओंडका घालतात का? गुदमरेल भट्टी! बारीक फोड! आणि ती शेपूट सांभाळ, पेटेल!"

"हो, हो, आजी... ताई!"

विहिरीकडून बुर्कहार्डचा आवाज आला, "ज्वाळ कशी आहे?"

"संत्र्यासारखी! पडली होती, उस्ताद!"

"घाल मग!"

बराच वेळ असा ओरडा चालला. मी पाण्याची घागर भरत राहिले. राक्षसांचा रंग घामानं ओघळून खाली गुलाबी गाल दिसू लागले.

"आता कशी आहे?" बुर्कहार्डनं विचारलं. ओटिली भट्टीच्या भोकातून आत बघत राहिली. "अगं, मीठ टाकू नकोस एवढ्यात!"

"तुम्हाला तिथून दिसतंय का?" ती म्हणाली. "तोंडाला ओली फडकी बांधा रे सगळे. टाका मीठ!"

पांढरा धूर छपरावर चढला.

भट्टी निवायला दोन दिवस गेले. रविवारी सकाळी दाराच्या विटा काढल्या. सुरई आणखी कलली होती, पण राखाडी अंगावर संत्र्याच्या सालीसारखी चकाकी होती. बुर्कहार्डनं ती कोरड्या फळीवर ठेवून काठोकाठ भरली. ओटिलीनं माझं मनगट असं धरलं होतं की अजून तिथे दुखतं. मग त्यानं सुरई उचलून फळीवर तळवा फिरवला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा फिरवला.

"कोरडी," तो म्हणाला. "मीठ मी असतो तर उशिरा टाकलं असतं. चुकलो असतो. बघता काय? कारागिराला वाट द्या!"

"थांबा!" उडो पुढे आला. "भट्टी आम्ही राखली. लूट आमची!"

नियमानं बरोबरच होतं. बाराच्या घंटेनं खेळ संपेपर्यंत लूट जिंकणाऱ्याची. राक्षस सुरई मिरवत निघाले, तिच्यातून सफरचंदाचा रस प्याले, आणि ओटिली मागे मागे, "दोन्ही हातांनी धर, मेल्या!"

बारा वाजत आले तसा उडो घंटेपाशी माझ्याकडे आला. "सिस्टर, पाच मिनिटं उशिरा वाजव ना."

"नाही रे बाबा."

मी घंटा वाजवली आणि डोळे मिटून प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तेव्हा उडो डोक्यावरची शिंगं काढून ओटिलीसमोर गुडघ्यावर बसला होता. हातात ताज्या पाण्यानं भरलेली सुरई.

"पुढच्या वर्षी मला शिकाऊ म्हणून घेशील?"

"आधी लाकूड फोडायला शीक," ओटिली म्हणाली. उजव्या हातानं तिनं सुरईचा कान धरला, डावा हळूहळू तिच्या पोटाशी नेला, आणि सगळ्यांदेखत घटाघटा पाणी प्यायली.