पालकभेटीचा पाठ

“पोरीला शिकवून काय कलेक्टर करायचंय व्हय?” कडूबाईनं विचारलं आणि पदर खोचून खुर्चीत अशी ऐसपैस बसली, की समोरच्या रंगनाथच्या तोंडचं पाणीच पळालं.

वर्गात हशा पिकला. दिनकरराव सरांनी टेबलावर खडू आपटला तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

अध्यापक विद्यालयातल्या त्या वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीवर उद्याचा मास्तर, दुसरीवर पोरीची शाळा बंद करायला निघालेली आई. खऱ्या गावात, खऱ्या शाळेवर धाडण्याआधी पोरांकडून असे लुटूपुटूचे पाठ करून घ्यायची सरांची पद्धत होती. अभिरूप पाठ म्हणायचे ते त्याला. आईचं काम आजवर वर्गातलीच पोरं करायची आणि डोक्यावर रुमाल घेऊन खिदळत बसायची. वैतागून सरांनी आज घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या कडूबाईलाच बोलावलं होतं. “सहजासहजी ऐकायचं नाही,” एवढं तिला बजावलं होतं आणि आईनं सांगायच्या कारणांची चिठ्ठीही दिली होती. कडूबाई तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि कमरेला खोचली. चिठ्ठीवाचून तिचं काही अडणार नव्हतं, घरी सासू आठ दिवस हेच तर बोलत होती.

सासूनं, धुरपताबाईनं, निकाल लावून टाकला होता. येत्या सोमवारी दिवाळीची सुट्टी संपली तरी सुला पाचवीच्या वर्गात परत जायची नाही, कापूस वेचायला जाईल. नवरा पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये, पंधरवड्यानं घरी येणारा आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला. आज गुरुवार उजाडला तरी कडूबाईला सासूपुढे धड दोन वाक्यं सुचत नव्हती. इथं मात्र चोवीस शिकलेली डोकी बसली होती. त्यातल्या एकाला जरी उत्तर सापडलं, तर ते आपण पदरात बांधून घरी नेऊ, या आशेनं ती सासूचं एकेक वाक्य जसंच्या तसं त्यांच्यापुढे टाकत होती.

रंगनाथ शिक्षणाचं महत्त्व सांगू लागला. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

“धाकटं लेकरू कोन संभाळावं?” कडूबाईनं विचारलं.

तो समाजाच्या प्रगतीकडे वळला.

“परगती येती का लेकराला घ्यायला?”

पुन्हा हशा. रंगनाथला वीसपैकी सात गुण मिळाले. कडूबाई काही हसली नाही. सात गुणांचं उत्तर घरी नेऊन ती काय करणार होती?

मग नागनाथ आला. हडकुळा, घामानं निथळणारा.

“पोरीचं नाव काय, बाई?”

चिठ्ठीत नाव नव्हतं. “सुला,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“सुलाच्या धाकट्या भावाचीच अडचण हाय ना? मग त्याला बी संगं येऊ द्या. माझ्या वर्गात कोपऱ्याला बसंल. रडला तर मी बघतो.”

कडूबाई सावरून बसली. “अन् वेचणी? रानात हात कमी पडायलेत.”

“शाळा साडेदहाला भरती. उजाडल्यापासून दोन तास वेचू द्या. शनवारी दुपारी, ऐतवारी दिवसभर.”

“अन् शिकल्याल्या पोरीला नवरा मिळंना झाला, म्हंजी?”

नागनाथनं मान खाली घातली. “माझ्या बहिणीला आमी न्हाई शिकवलं,” तो म्हणाला. “सासरी बरी हाय का वाईट, तिला दोन ओळी लिहून कळवता येत न्हाई. माय रोज वाट बघती.”

कडूबाईजवळची कारणं संपली होती. सासूची एवढीच होती.

“बरं,” ती म्हणाली. “धाडते.”

“कडूबाई, एवढ्यात कबूल व्हायचं नव्हतं,” सर म्हणाले.

“बराबर बोलला त्यो, सर,” ती म्हणाली. तिला इतकं हलकं वाटत होतं, की सरांची नाराजी तिच्या कानावरूनच गेली.

संध्याकाळी धुरपताबाई चुलीजवळ डाळ निवडत बसली होती. कडूबाई तिच्यासमोर बसली आणि सुलाचा विषय काढला. सासूनं धाकट्याचं काढलं, कडूबाईनं उत्तर दिलं. सासूनं वेचणीचं काढलं, त्याचंही दिलं. लग्नाचं निघालं तेव्हा तिनं नागनाथच्या बहिणीची गोष्ट सांगितली. दाराशी भांडी घासणाऱ्या सुलाचा हात थांबला होता. धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. आता ती ‘बरं, धाड’ म्हणणार, असं कडूबाईला वाटलं.

“चावडीवरून जावं लागतंय तिला,” धुरपताबाई म्हणाली.

दिवाळीपर्यंत शेजारच्या तानुबाईच्या दोन पोरी सुलाच्या संगतीला होत्या. ते घर आता ऊसतोडीला गेलं होतं. मागच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं, तेव्हा चावडीवर जमलेली माणसंच कडूबाई राहायची त्या बौद्धवाड्यावर चालून आली होती. चार घरं जळाली. त्या दिवशी धुरपताबाई नातीच्या तोंडावर हात दाबून अंधार पडेपर्यंत उसात बसून होती. त्यानंतर ती चावडीकडे फिरकली नाही, आणि त्या दिवसाबद्दल बोललीही नाही. कडूबाईला आठलाच कामावर निघावं लागे. पोरीनं दहा वाजता त्या वाटेनं एकटीनं जायचं होतं.

कडूबाईला स्वतःचाच संताप आला. सासूचं सगळं बोलणं आपण वर्गात नेलं, असं तिला वाटलं होतं. नेमकं हेच न्यायचं राहिलं होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, आणि खाली ठेवलेलं सूप आपल्याकडे ओढून डाळ निवडायला लागली.

शुक्रवारी समोरच्या खुर्चीत केशर बसली. केशर कडूबाईच्याच गावची, पाटलाची लेक. तिचं घर चावडीला लागून होतं. कडूबाई सकाळी पायी यायची, केशर सव्वादहाच्या एसटीनं. ‘मावशी, पाणी आणा’ याच्या पलीकडे दोघींचं बोलणं वर्षभरात गेलं नव्हतं.

केशरनं नागनाथची उत्तरं वहीत उतरवून आणली होती. धाकट्याचं झालं, वेचणीचं झालं, लग्नाचं झालं. पाठ छान चालला होता. सर पेन उघडून गुण लिहायच्या बेतात होते.

कडूबाईची नोकरी अजून कायम झाली नव्हती. समोर पाटलाची पोर होती. गप्प बसून ‘धाडते’ म्हटलं तर काहीच बिघडणार नव्हतं. सोमवारी सुला रानात गेली असती, इतकंच.

“चावडीवरून जावं लागतंय तिला,” ती म्हणाली.

केशरनं वहीत पाहिलं. एक पान उलटलं, मग पुन्हा मागे आली.

“चावडीवर काय आहे?” मागून रंगनाथनं विचारलं.

“आता तसं काही राहिलेलं नाही, बाई,” केशर बारीक आवाजात म्हणाली.

“न्हाई राहिलं?”

हा प्रश्न खुर्चीतल्या आईचा होता की तिचा स्वतःचा, ते कडूबाईलाही सांगता आलं नसतं. केशरचे कान लाल झाले. सरांनी पेनाला टोपण घातलं.

“राहिलंय,” केशर म्हणाली. मास्तरीणबाईची भाषा सुटून ती घरच्या बोलीवर आली होती. “आमच्या वट्यावरनं दिसतंय की समदं.” तिनं वही मिटली. “पोर किती वाजता निघती? एसटीला जाताना मी घेऊन जाईन संगं.”

“मार्कासाठी इचारायलाव का, ताई?”

“न्हाई.”

कडूबाई तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी केशरच्या घरची माणसं कुठे होती, ते तिला ठाऊक होतं. आणि तिला ते ठाऊक आहे, हे केशरलाही ठाऊक होतं. तरी पोरीनं नजर खाली घातली नाही.

“दहाला,” कडूबाई शेवटी म्हणाली. “पन सासूला इचारून सांगते.”