पलंगाखालचं मॉड्यूल

माझे सासरे आणि मी एकाच टेबलावर बसून भांडतो. घरच्या पुढच्या खोलीत आमचं वर्कशॉप आहे. मोजमापाच्या यंत्रांसाठी आम्ही मॉड्यूल बनवतो. अर्धा बोर्ड त्यांचा, अर्धा माझा. सेन्सरकडून येणारा क्षीण सिग्नल पकडून मोठा करायचा, हे त्यांचं अॅनालॉग काम. त्याचे आकडे करून प्रोसेसरला समजावायचे, हे माझं डिजिटल. "तुझी चिप बाजारात ओरडल्यासारखी ओरडते," ते म्हणतात, "आणि माझ्या अँप्लिफायरला कुजबुज ऐकायची असते. सरकव तिला तिकडे." मला ते 'शून्य-एक' म्हणतात. मी तोंडावर 'बाबा' म्हणते आणि पाठीमागे 'हट्टी', पण तेही त्यांना ठाऊक आहे.

सासूबाई न्यूमोनियातून वाचून हॉस्पिटलमधून घरी आल्या, तेव्हा उभं राहिलं की त्यांना चक्कर यायची. तरी कुणाला हाक म्हणून मारायची नाही. शेवटी आम्ही त्यांच्यासाठीच एक मॉड्यूल करायला घेतलं. पलंगाच्या पायांखाली वजनाचे सेन्सर बसवले. त्या उठायला लागल्या की आमच्या टेबलावर बझर वाजणार होता.

काम डाव्या हातचा मळ वाटलं होतं. पण स्क्रीनवर एक संथ लाट दिसायची, सारखी वर-खाली होणारी. बाबा म्हणाले, तुझ्या चिपची कटकट. मी म्हटलं, तुमचा अँप्लिफायर घसरतोय. त्यांनी कपॅसिटर बदलले, ग्राउंडचे जोड पुन्हा तपासले. मी सरळ लाट पुसून टाकणारा फिल्टर लिहिला. स्क्रीनवर रेघ सपाट झाली, आणि बाबांचा चेहरा उतरला.

"परत आण ती," ते म्हणाले. "अगं, तिचा श्वास आहे तो."

मी फिल्टर काढला.

हॉस्पिटलपासून बाबांची झोप उडाली होती. रात्रीतून कितीदा तरी आपल्या पलंगावरून उठून ते आईंच्या नाकाशी हात धरून बघायचे. दिवसा सोल्डरिंग करताना डुलकी लागायची. एकदा बोट भाजून घेतलं. असंच चाललं तर हेच आधी आडवे होतील, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून मी त्याच मॉड्यूलला एक छोटा दिवा जोडला आणि बाबांच्या उशाशी ठेवला. आईंच्या श्वासाबरोबर तो उजळायचा आणि मंदावायचा.

"आता पडल्या पडल्या बघा," मी म्हटलं.

बाबा उठेनासे झाले. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण आई मात्र कोमेजत चालल्या. एका दुपारी औषध देताना त्या मला म्हणाल्या, "तो दिवा जरा बिघडव ना गं."

"का हो आई?"

"हे येत नाहीत आता." मग खालच्या आवाजात, "मी जागीच असायचे. यांचं पाऊल वाजलं की डोळे मिटायचे आणि श्वास असा लांब, सावकाश घ्यायचे. तेवढंच त्यांना बरं वाटावं. हात थोडा वेळ तसाच राहायचा गं."

गोष्ट पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही; तशीच जाऊन बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मला काय कळत नव्हतं होय? झोपलेल्या माणसाचा श्वास इतका आखीव असतो का? इतका स्वच्छ सिग्नल आला की समजावं, कुणीतरी मुद्दाम देतंय."

"मग आता का जात नाही?"

"मी नाही उठलो, तर ती तरी झोपेल म्हटलं."

"आणि तुम्ही?"

"दिवा बघत पडतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे दोघंही टक्क जागे, आणि मी इकडे फुशारक्या मारतेय!

"पलंग जोडून टाका," मी म्हटलं.

"शून्य-एक, वजन वाढेल. अँप्लिफायरला पेलणार नाही."

"मग गेन कमी करा, सिग्नल थोडा कमी मोठा करा. तुमचंच काम ना ते?"

तोवर त्यांचा हात गेन बदलणाऱ्या रेझिस्टरच्या खणाकडे गेला होता.

संध्याकाळी पलंग जोडले आणि सेन्सर नव्याने बसवले. "घोरतात हो हे," आई म्हणाल्या, पण तोवर त्या सरकून जागा करून बसल्या होत्या. बाबा अवघडून आडवे झाले. मी लॅपटॉप घेऊन पायथ्याशी उभी होते. स्क्रीनवर आता दोन लाटा होत्या, एकीत एक मिसळलेल्या. कुठली कुणाची ते कळेना.

"थोडं गणित लागेल," मी म्हटलं, "पण वेगळ्या करता येतील. आईंचा श्वास कुठला आणि तुमचा कुठला, स्पष्ट दिसेल."

बाबांनी मान उचलून स्क्रीनकडे पाहिलं. आईंचा हात त्यांच्या छातीवर होता.

"नको करूस," ते म्हणाले.